चिकूचं निमित्त

मे महिना आला की आमची वाई आमची राहत नाही. मुंबई-पुण्याच्या गाड्या पसरणीचा घाट चढायच्या आधी इथं थांबतात. ढोल्या गणपतीला हात जोडतात, मेणवलीला जाऊन नाना फडणवीसांचा वाडा बघतात, ‘स्वदेस’चं शूटिंग नेमकं कुठल्या पायरीवर झालं ते विचारतात आणि पाचगणी-महाबळेश्वरकडे निघून जातात. हल्ली त्या गाड्यांच्या खिडक्यांतून कुत्रीही डोकावत असतात. बंद काचा, आत एसी, पुढं गॉगल लावलेली मालकीणबाई आणि मागच्या सीटवर ऐटीत बसलेला सोनेरी केसांचा कुत्रा. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन उन्हातून घरी चालले असताना मला त्या कुत्र्याचा चक्क हेवा वाटलाय. खोटं कशाला बोलू?

लोक जिथं सुटीला येतात तिथं आपण बारा महिने राहतो, पण आपली सुटी कुठंय? आमचा मे म्हणजे कुरडया, सांडगे, वर्षाचं तिखट कांडून आणणं, नणंदेची मुलं, भाचरं आणि दिवसाआड एक लग्न. बाहेर पडणं होतं, नाही असं नाही. पण प्रत्येक बाहेर पडण्याला एक कार्य चिकटलेलं असतं. कुणाची ओटी, कुणाचं डोहाळजेवण, कुणाला दवाखान्यात डबा. नुसतं, काहीही काम नसताना, आपल्याला वाटलं म्हणून दिवसभर बाहेर गेलो, असं तुम्ही शेवटचं कधी केलंत? आठवून बघा. मला लग्नाआधीचं आठवलं.

तर यंदा आम्ही चौघी अशा गेलो. चौघी आणि आमची चार कुत्री.

आमची ओळखच मुळी कुत्र्यांमुळं झाली. पहाटे कृष्णेच्या घाटाकडे कुत्री फिरवायला येणाऱ्या आम्ही बायका. कित्येक महिने एकमेकींची नावं माहीत नव्हती. ‘ब्रुनोची आई’, ‘राणीची आई’, ‘चिकूची आई’ आणि मी ‘बंड्याची आई’. एकदा राणीची आई म्हणाली, “अगोदर अमक्यांची सून, मग तमक्याची आई आणि आता म्हातारपणी कुत्र्याची आई. माझं स्वतःचं नाव आता फक्त रेशनकार्डावर.” आम्ही खूप हसलो. पण अजूनही एकमेकींना तशीच हाक मारतो. सवय झाली.

गंमत म्हणजे चौघींपैकी एकीनंही हौसेनं कुत्रा आणलेला नाही. आमचा बंड्या गावठी. धाकट्यानं पावसाळ्यात गटारातून उचलून बुटांच्या खोक्यात घालून आणला होता. ब्रुनो हा लॅब्रॅडॉर त्यांच्या मालकांच्या निवृत्तीची हौस. हौस तीन महिने टिकली, ब्रुनो राहिला. राणी ही पांढऱ्या केसांची, आपण सरसकट पॉमेरियन म्हणतो त्यातली. शेजारच्यांची बदली झाली, त्यांनी सामान नेलं आणि राणी फाटकात सोडून गेले. ती आता चौदा वर्षांची आहे, एका डोळ्यानं दिसत नाही.

आणि चिकू. चिकू हा पग. चपटं नाक, बटाट्यासारखे डोळे, कपाळावर काळजीच्या आठ्या. २००३ साली मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागं धावणारा पग आला आणि त्या कुत्र्याचं जे खूळ घराघरांत शिरलं ते अजून पुरतं उतरलेलं नाही. चिकूच्या आईच्या मुलानं बारावीत असताना हट्ट धरला. बारा हजार मोजून चिकू आला. वर्षभरात मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, आता नोकरीही तिथंच. चिकू आईकडे. महिन्या-दोन महिन्यांनी मुलगा येतो, चिकूबरोबर फोटो काढतो आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीनं परत जातो.

घरात कुत्रा कुणीही आणो, त्याचा दहीभात कालवायचा कुणी? अंगणातली घाण कुणी उचलायची? गोचीड कुणी काढायचे? दरवर्षी रेबीजची लस चुकू नये म्हणून तारीख कुणी लक्षात ठेवायची? आमच्या बंड्याचं लसीचं कार्ड माझ्या गॅसच्या पुस्तकाशेजारी असतं, म्हणजे बघा. एक काम वाढलं की ते वाहत वाहत घरातल्या बाईपर्यंत येतं, उतारावरच्या पाण्यासारखं.

पण त्या कामातून आम्हाला एक गोष्ट मिळाली, ती मात्र कुणी जाणूनबुजून दिली नव्हती. ती म्हणजे पहाट. मला शुगर आहे. डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगून सहा वर्षं झाली होती. चार दिवस गेले असेन. गावातली बाई एकटीच साडेपाचला नदीकडे निघाली की दहा डोळे वर होतात. “आज लवकर? कुठं निघालात?” चालायला, म्हटलं तर समोरच्याच्या चेहऱ्यावर ‘घरात कामं नाहीत का हिला’ हे वाचता येतं. तेच हातात बंड्याची साखळी असली की कुणी काही विचारत नाही. बाई फिरत नसते, कुत्र्याला फिरवत असते! त्या साखळीला मी मनातल्या मनात परवाना म्हणते. कुत्रा माझ्या ताब्यात असतो खरा, पण बाहेर तो मला काढतो.

एप्रिल संपता संपता ब्रुनोच्या आईनं विषय काढला. धोमच्या अंगाला तिचं माहेरचं शेत आहे. भाऊ-भावजय दोन दिवस लग्नाला जाणार होते. शेतात विहीर, बांधावर चार आंबे, जवळून पाट जातो. “जायचं का एक दिवस? नुसतंच.”

‘नुसतंच’ या शब्दानं आम्ही सगळ्या गप्प झालो. घरी काय सांगायचं? देवदर्शन म्हणावं तर धोमचं नरसिंहाचं देऊळ जवळच, पण मग सासूबाईही येणार. हळदीकुंकू मे महिन्यात नसतं. शेवटी राणीच्या आईनंच तोडगा काढला. “कुत्र्यांना मोकळं पळवायला न्यायचंय असं सांगू. बांधून बांधून त्यांचे पाय आखडलेत.”

काय सांगू तुम्हाला, चारही घरांतून एका झटक्यात परवानगी! आमच्या सासूबाई जुन्या वळणाच्या. खंडोबा आमचं कुलदैवत. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की कुत्र्यालाही घास द्यायचा ही घरची रीत, त्यामुळं बंड्याचा त्यांच्यापाशी मान आहे. त्या म्हणाल्या, “जाऊन ये बाई. मुकं जनावर आहे. सदानकदा एका जागी बांधलेलं, त्यालाही जीव आहे.” मी हो म्हटलं आणि पोळ्या लाटायला लागले. तिसऱ्या पोळीला माझ्या लक्षात आलं की सत्तावीस वर्षांत हे वाक्य या घरात माझ्याबद्दल कुणी बोललेलं नाही. बंड्याला इथं येऊन पाच वर्षं झालीत.

आदल्या रात्री चिकूच्या आईचा फोन आला. म्हणाली, “अगं, चिकूला उन्हाचं सोसत नाही. दुपारी नुसतं अंगणात गेला तरी घरघर लागते. त्याला कूलरपुढं घरीच ठेवून येऊ का?”

“ठेव की,” मी म्हटलं.

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मग मी काय सांगून येऊ?”

यावर मी काय म्हणायला हवं होतं ते मला आता कळतंय. तेव्हा मी म्हटलं, “बरं, आण मग. दहाच्या आत परत फिरू.”

पहाटे साडेपाचला ब्रुनोच्या आईची जुनी ओम्नी आली. ती सेहेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकली आणि घाटरस्ता सोडला तर कुठंही नेते. मागची सीट काढून सतरंजी टाकली होती. ब्रुनो सतरंजीभर पसरला, राणी मांडीवर, बंड्या खिडकीत, चिकू त्याच्या आईच्या पदरात. एसी कुठला, ओम्नी ती! पण पहाटेचं वारं असं काही गार येत होतं की एसीवाल्यांची कीव आली. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच नांगरून पडलेली हळदीची रानं, समोर डोंगराची निळी रांग. धरणाच्या बाजूला पाणी खूप खाली गेलेलं आणि काठाचा गाळ भेगाळलेला. रोज ज्या गावात राहतो त्या गावाच्या बाहेर एवढं काही आहे हे आम्ही पाहुण्यासारखं बघत होतो.

शेतात पोचल्यावर साखळ्या सोडल्या. पहिलं मिनिटभर एकही कुत्रं हललं नाही! विश्वासच बसेना त्यांचा. मग बंड्या सुटला तो थेट बांधापर्यंत, एका टिटवीच्या मागं. ब्रुनोनं पाटात बैठक मारली. लॅब्रॅडॉर म्हणजे पाण्याचा वेडा. त्याच्या आईनं मात्र लांब दोरी बांधलेलीच ठेवली होती, कारण पाटाला पाणी सोडलं की ओढ असते आणि विहिरीला कठडा नव्हता. राणी दोन पावलं चालली आणि आंब्याखाली गोधडीवर जाऊन झोपली. तिच्या दाट केसांची उन्हाळ्यात अगदी कातडीपर्यंत हजामत करतात लोक. तसं करू नये, ते केस तिला उन्हापासूनही राखतात, नुसते विंचरून मोकळे ठेवावेत, हे तिच्या आईनं ऐकवलं. आम्हा चौघींचं कुत्र्यांबद्दलचं शिक्षण असं एकमेकींकडूनच झालंय.

मग डबे उघडले. थालीपीठ, लोणी, ठेचा, कैरीचं पन्हं. कुत्र्यांसाठी वेगळा दहीभात, त्यात कांदा नाही की मीठ नाही. कांदा, द्राक्षं-मनुका आणि चॉकलेट कुत्र्यांना बाधतात. आपण लाडानं मनुका देतो, तीसुद्धा नको. खाऊन झाल्यावर मी सवयीनं उठले, ताटं गोळा करायला. राणीची आई म्हणाली, “बस खाली. इथं कुणी येणार नाहीये जेवायला.” मी बसले. पाय पाटाच्या पाण्यात सोडून बसलो. काय बोललो ते सांगण्यासारखं नाही, म्हणजे त्यात काही विशेष नव्हतंच. एकीनं शाळेतली कविता म्हटली, दुसरीनं तिला चूक काढली. राणीची आई राणीशेजारी गोधडीवर आडवी झाली आणि चक्क घोरायला लागली. उठल्यावर म्हणाली, “दिवसा, उघड्यावर, कुणी हाक मारेल याची धास्ती न धरता झोपले. कधी झोपले होते अशी?” एवढंसं सुख. पण त्याच्यामुळं दहा वाजले ते कळलं नाही. खरं सांगायचं तर कळलं होतं. मी घड्याळ बघितलं होतं, आणि ‘चला’ म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं.

साडेदहाच्या सुमाराला चिकू बंड्याच्या मागं उन्हात दोन चकरा मारून आला. त्याची नेहमीची घरघर होती ती वाढली. मग तोंडातून चिकट, दोऱ्यासारखी लाळ यायला लागली. हिरड्या लालभडक. त्याच्या आईनं हाक मारली तर तो आला, पण दारू प्यायल्यासारखा मागच्या पायांत अडखळत. आणि गोधडीपाशी येऊन कोसळला.

सांगते ते नीट वाचा, कारण आम्हाला हे त्या दिवशी आधी ठाऊक असायला हवं होतं. आपल्याला घाम येतो, तो वाळताना अंग गार होतं. कुत्र्याला तसा अंगभर घाम येत नाही, थोडासा फक्त पंजांना. त्याचा सगळा भार धापेवर. जीभ बाहेर काढून जोरजोरात श्वास घेतला की तोंडातला, नाकातला ओलावा उडतो आणि आतली उष्णता बाहेर पडते. बंड्यासारख्या लांब तोंडाच्या, आखूड केसांच्या गावठी कुत्र्याला ते जमतं. पगच्या तोंडात तेवढी जागाच नाही. दिसायला गोंडस म्हणून माणसानं पिढ्यान्‌पिढ्या त्याचं नाक आत आत दाबत नेलं. आतली टाळू, घसा मात्र त्या मानानं लहान झाला नाही. त्यामुळं ज्या धापेनं गार व्हायचं तीच त्याला दमवते आणि अंग आणखी तापतं.

हे मला नंतर कळलं. तेव्हा आम्ही नुसत्या ओरडत होतो. पंप लावावा तर शेतीची लाइट त्या आठवड्यात रात्रपाळीची. ब्रुनोची आई पोहरा घेऊन विहिरीकडे धावली. चिकूची आई त्याला पोटाशी धरून बसली होती, मी तो तिच्याकडून ओढून घेतला, कारण तिच्या अंगाचीही ऊब त्याला नको होती. राणीच्या आईनं गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते कुठल्याशा वाडीवर गाईंना लस टोचत होते, पण फोन उचलला. त्यांनी सांगितलं ते असं: “पहिल्यांदा गार करा, मग आणा. सावलीत न्या. बर्फ शोधत बसू नका, विहिरीचं पाणी चालेल. पोटावर, जांघेत, पंजांवर ओतत राहा आणि वारा घाला. ओलं फडकं गुंडाळून ठेवू नका, त्यानं उष्णता आतच कोंडते. तोंडात पाणी ओतू नका, ठसका लागून फुप्फुसात जाईल. स्वतःहून चाटला तर चाटू द्या.”

आम्ही पोहऱ्यामागून पोहरे ओतले. खोपटात एक सूप सापडलं, त्यानं वारा घातला. माझा हात भरून आला की राणीची आई, ती थकली की मी. दहा मिनिटं असतील, पण ती माझ्या आयुष्यातली लांब दहा मिनिटं होती. बंड्या दूर उभा राहून बघत होता. मग चिकूनं डोळा फिरवला आणि ताटलीतलं पाणी एकदा चाटलं.

ओम्नी उन्हात उभी होती, दार उघडलं तर भट्टी. सगळी दारं उघडून आधी ती निवू दिली. एरवीही सांगून ठेवते, पाचच मिनिटांत येतो म्हणून कुत्र्याला (आणि मुलांनाही) उभ्या गाडीत कोंडून जाऊ नका. काच दोन बोटं खाली ठेवून काही होत नाही. डांबरावर चालवायचं असेल तर आधी आपला तळहात उलटा करून सात-आठ सेकंद रस्त्यावर टेकवून बघा. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही, त्याच्याकडे चपला नाहीत.

दवाखान्यात पोचलो तेव्हा चिकूचा ताप १०४ होता. कुत्र्याचं नेहमीचं तापमान आपल्यापेक्षा जास्त असतं, फॅरनहाइटमध्ये १०१ ते १०२.५. डॉक्टर म्हणाले, “तुम्ही पाणी ओतल्यावर १०४ आहे, म्हणजे तिथं किती असेल विचार करा. तसाच गाडीत घालून आणला असता तर वाटेतच गेला असता.” सलाइन लावलं. दोन दिवस रोज दाखवायला सांगितलं, कारण उष्माघाताचा मार मूत्रपिंडावर नंतरही दिसतो. चिकू वाचला.

खरी गोष्ट इथून पुढं आहे.

संध्याकाळी चिकूच्या आईच्या घरी तिचे यजमान तिला बोलले. बोलायला हवंच होतं, मी म्हणते. पण काय बोलले? इतक्या उन्हात का थांबलात, हे नाही. “तुम्हा बायकांना काय गरज पडली होती उंडारायची?” पुण्याहून मुलाचा फोन आला. “माझ्या कुत्र्याला तू कुणाला विचारून नेलंस?” माझ्या कुत्र्याला! चार वर्षांत ज्यानं त्याची एक गोचीड काढली नाही, त्याचा कुत्रा. आणि आई, जी रात्री दोन वाजता त्याच्या घरघरीनं उठून बसते, ती कोण? त्याची राखणदार? ती यातलं काही बोलली नाही. मला फोनवर म्हणाली, “चूक माझीच झाली. पाय घराबाहेर काढायलाच नको होता.”

या वाक्यावर मी आठ दिवस विचार करतेय आणि म्हणून हे लिहायला बसले. चूक झाली, ती आमची चौघींची. त्यातही माझी जास्त, कारण ‘दहाच्या आत’ मी म्हटलं होतं आणि घड्याळ बघून मीच गप्प बसले. हे मी कुणावर ढकलत नाही. पण पाय घराबाहेर काढला ही चूक नव्हती. चूक ही होती की पाय बाहेर काढायला आम्हाला निमित्त लागलं. घरी सांगितलं कुत्र्यांना पळवायला नेतोय. कुत्र्यांनी कुठं मागितलं होतं? ब्रुनो आणि बंड्या खूष झाले असतील, राणी घरच्या ओसरीवरही तशीच झोपली असती, आणि चिकूची जागा तर त्या दिवशी कूलरपुढंच होती. हे त्याच्या आईला कळलं होतं. आदल्या रात्री तिनं ते बोलूनही दाखवलं होतं. तिला फक्त एवढं म्हणता आलं असतं की “मी उद्या मैत्रिणींबरोबर जातेय, मला जावंसं वाटतंय,” तर चिकू दुपारभर पंख्याखाली घोरला असता. ते म्हणता येईना, म्हणून तिनं त्याला काखोटीला मारला. आमच्या सुटीचं भाडं मुक्या जनावरानं भरलं.

तुम्ही म्हणाल, घरच्यांचाच दोष. थोडा आहे. पण निम्मा आपलाही आहे. आमच्या घरी हे सगळं सांगितल्यावर आमचे हे म्हणाले, “पुढच्या वेळी कुत्र्यांना नका नेऊ.” मी विचारलं, “म्हणजे आम्ही जायचं?” ते जरा गडबडले. “म्हणजे... जा की. मी कधी नको म्हटलंय?” आणि खरंच, कधी म्हटलं नव्हतं. कारण मी कधी विचारलंच नव्हतं. दरवेळी काही ना काही काम पुढं करून मी त्या प्रश्नाला वळसा घालत आले. वळसा घालणं सोपं, भांडण होत नाही. सगळ्या घरांत असं सोपं उत्तर मिळणार नाही हेही मला माहीत आहे. चिकूच्या आईच्या घरी नसतं मिळालं.

आता कुत्रा आणण्याबद्दल एक, कारण शाळा-कॉलेजच्या सुट्यांत हे हट्ट वाढतात. मूल हट्ट धरेल तेव्हा एवढं विचारा की तू शिकायला गेल्यावर याचं कोण करणार. उत्तर ‘आई’ असेल, तर निर्णयही आईचा असू द्या. आणि आणायचाच असेल तर पैसे मोजून चपट्या नाकाचा किंवा बर्फातला झिपऱ्या कुत्रा कशाला? आता तर हस्कीचं वेड आलंय, फ्लॅटमध्ये एसी लावून ठेवतात म्हणे. आपल्या गल्लीत जन्मलेलं पिलू या उन्हासाठीच घडलेलं असतं. त्याला रेबीजची लस द्या, नसबंदी करून घ्या, साखळीनं फिरवा. कुत्र्याला घाबरणारी माणसंही रस्त्यावर असतात आणि त्यांची भीती खोटी नसते. कुणाचंही कुत्रं चावलं, ओरखडलं, तर जखम पंधरा मिनिटं साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. हळद-चुना लावत बसू नका. बंड्या मला प्यारा आहे, पण म्हणून मी हे लिहायचं टाळणार नाही.

त्या दिवसानंतर चिकूची आई घाटावर आली नाही. फोन केला तर म्हणायची, चिकू बरा आहे, खातोय, पण यांनी त्याला बाहेर न्यायचं नाही म्हणून सांगितलंय. म्हणजे तिचाही परवाना गेला. आम्ही तिघी तिच्याबद्दल बोलायचो आणि पुढं काय करायचं ते न सुचून गप्प व्हायचो.

काल पहाटे, अजून नीट उजाडलं नव्हतं, घाटाच्या पायऱ्यांवर ती दिसली. एकटीच. चिकू नाही, साखळी नाही. हात कुठं ठेवावेत ते न कळल्यासारखी पदर चाळवत उभी होती.

“घरी काय सांगितलंस?” ब्रुनोच्या आईनं विचारलं.

“काही नाही. जाऊन येते म्हटलं.”

बंड्या तिच्याजवळ गेला आणि चिकू कुठंय ते तिच्या दोन्ही हातांना हुंगून बघायला लागला.